खंडेनवमीचा फोन

माझ्या मनगटावरच्या घड्याळाला वेळ दाखवण्यात फारसा रस नाही. मी किती पावलं चाललो, रात्री खरोखर किती झोपलो आणि बसल्या जागी माझं हृदय मिनिटाला किती वेळा धडधडतं, असल्या चौकशांत त्याचा दिवस जातो. तासभर एका जागी बसलो की ते मनगटाला गुदगुल्या करून मला उठायला सांगतं. बत्तीस वर्षं मी कॉलेजच्या ग्रंथालयात एका खुर्चीवर बसून काढली. मला ‘उठा’ म्हणायची हिंमत तिथे एकाही प्राचार्याला झाली नव्हती.

घड्याळ बंगळुरूच्या मुलानं पाठवलं. माझ्या काळजीनं नव्हे, फोनच्या. मी फोन कुठेही ठेवतो आणि विसरतो. एकदा तो दाण्याच्या कुटाच्या डब्यात सापडला होता आणि त्यानंतर कितीतरी दिवस कानाला लावला की उपासाची आठवण होत असे. या घड्याळात फोनच्या चित्राचं एक बटण आहे. ते दाबलं की फोन आवाज बंद असला तरी जिवाच्या आकांतानं ओरडतो. फक्त तो जवळपास असावा लागतो. दहा पावलांच्या आत, मध्ये भिंत नको. थोडक्यात, जी वस्तू जवळच आहे तीच हे घड्याळ शोधून देतं. इथे ग्वाल्हेरात नई सडकेवरच्या ज्या दुकानदारानं घड्याळ आणि फोन यांची जोडी लावून दिली, त्याला मी ही शंका विचारली. तो म्हणाला, “अंकल, दूर की चीज़ तो पुलिस भी नहीं ढूँढती.” या उत्तरानं माझं समाधान झालं.

आता ज्या दिवसाची गोष्ट सांगायची आहे तो खंडेनवमीचा दिवस. त्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता माझ्या थोरल्या भावाचा, दादाचा, पुण्याहून फोन यायचा होता. तो चार वर्षांत आला नव्हता.

याचं कारण मी. दादाला सोहळे आवडतात. त्याच्या पंचाहत्तरीला त्याच्या मुलांनी त्याची गूळतुला केली. मोठं कार्यालय, सनई, एका पारड्यात जरीच्या उपरण्यातला दादा, दुसऱ्या पारड्यात गुळाच्या ढेपी, आणि व्यासपीठावर त्याला आजवर मिळालेल्या मानपत्रांचा ढीग. मी शेजारच्या मेहुण्याला म्हणालो, “ती मानपत्रंही ठेवा पारड्यात, त्यांचं वजन तरी एकदा कळू दे.” माझ्यासमोरचा माईक चालू होता. सगळं कार्यालय हसलं. दादा पारड्यात बसून होता, त्याला उठून जाताही येईना. त्या दिवसापासून तो माझ्याशी बोलला नाही आणि मीही, गंमत कळत नसेल तर आपण काय करणार, असं म्हणत चार वर्षं गप्प राहिलो.

दसऱ्याच्या सकाळी त्याच्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन होतं, हल्ली छाती न उघडता मांडीच्या शिरेतून करतात तसलं. आदल्या दिवशी, म्हणजे नवमीला, संध्याकाळी सहाला त्याला दवाखान्यात आत घेणार आणि फोन काढून घेणार होते. पुतणीनं मला निरोप पाठवला: ‘काका, बाबा तुम्हाला पाच वाजता स्वतः फोन करणार आहेत. उचला.’

“तुम्हीच लावा ना आत्ता,” सकाळी बायको म्हणाली. “ते आजारी, थोरले. पाचची वाट कशाला बघायची?”

“तो करणार आहे म्हणाला ना. करू दे.”

“म्हणजे त्यांनी आधी करायचा.”

“मी असं म्हटलं नाही.”

“तुम्ही म्हणत नाही. चेहऱ्यावर छापून आलंय.”

बायकोचा गुडघा त्या दिवसांत दुखत होता, म्हणून दुपारी मी एकटाच सरदारसाहेबांकडे गेलो. पावणेपाचपर्यंत परत येईन असं सांगितलं होतं. त्यांचं घर आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे, माधवगंजातच आहे.

सरदारसाहेबांचे पूर्वज दख्खनेतून फौजेबरोबर इकडे आले. जहागीर गेली, हवेली विकली गेली, आणि आता ते एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर राहतात. खालच्या मजल्यावर स्पर्धा परीक्षांचा क्लास आहे. ते स्वतः विमा कंपनीतून निवृत्त झाले. तरी खंडेनवमीला त्यांच्याकडे शस्त्रपूजा होते, आणि ती दरबारासारखीच होते. येणाऱ्या प्रत्येकाला दारात भाड्यानं आणलेली पगडी चढवतात. पगड्या लग्नाच्या वरातीसाठी बनवलेल्या, तुरा हातभर उंच. आणि घराचं छत नव्या पद्धतीनं खाली आणलेलं. त्यामुळे पंखे बंद ठेवावे लागतात. ग्वाल्हेरच्या आश्विनातल्या दुपारी पंखा बंद करून बारा-तेरा माणसं पगडीत बसतात आणि घाम पुसत पराक्रमाच्या गोष्टी करतात.

पराक्रमाची साधनं मात्र फारशी उरलेली नाहीत. एक तलवार, एक कट्यार आणि भाल्याचं एक पातं. त्याचा दांडा हल्ली कोळिष्टकं काढायच्या कुंच्याला लावलेला आहे. म्हणून आमंत्रणातच लिहिलेलं असतं: ‘आपापले शस्त्र घेऊन यावे.’ म्हणजे ज्याचं जे साधन असेल ते. दातांचे डॉक्टर चिमटा आणतात, वकील शिक्का आणतात. वीज मंडळातून निवृत्त झालेले एक इंजिनिअर आहेत, ते टेस्टर आणतात. मी पेन नेतो.

पूजा झाली की सगळी शस्त्रं एका लोखंडी पेटीत जातात. पेटी मात्र खरी जुनी आहे. इथे राहायला आले तेव्हा जिन्यातून येईना म्हणून ती गच्चीवरून दोर लावून आत घेतली होती. एकदा पेटी बंद झाली की ती दसऱ्याला दुपारी बाराला उत्तरपूजा होईपर्यंत उघडायची नाही. पूजलेलं साधन मध्येच वापरायचं नाही, हा आपल्याकडचा नेमच आहे. आमच्या घरीही त्या दिवशी पाटावर ठेवलेली पुस्तकं दसऱ्यापर्यंत कुणी उघडत नाही. लहानपणी हा नेम मला सगळ्या शास्त्रांत जास्त पटला होता.

आणखी एक नियम नवा होता. आदल्या वर्षी ऐन आरतीत कुणाच्या तरी फोनवर सिनेमातलं गाणं वाजलं. तेव्हापासून फोनचा आवाज बंद करून तो दारातच एका परातीत ठेवायचा.

मी सगळ्यांच्या शेवटी पोचलो. पाटणकर बाजारात झेंडूची माळ घेताना उशीर झाला होता. दारात सरदारसाहेबांची सून उभी होती, एका हातात पगडी आणि दुसऱ्या हातात पंचपाळं. तिच्यामागे टेबलावर दोन पराती, दोन्हींवर लाल कापड.

“काका, जल्दी, सगळे बसलेत,” ती म्हणाली. “फोन एकीत, शस्त्र दुसरीत. तिथेच ठेवून द्या.”

तिनं माझ्या डोक्यावर पगडी दाबली तेव्हा ती भुवयांपर्यंत आली. त्या पगडीखालून जे दिसलं त्याप्रमाणे मी एका परातीत फोन सरकवला, दुसरीत पेन, आणि आत जाऊन मागच्या रांगेत बसलो. पुढच्या माणसांच्या तुऱ्यांमुळे मला पूजा अजिबात दिसली नाही. ऐकू मात्र आली. गुरुजींनी शांतपणे सगळं केलं, आरती झाली, सरदारसाहेबांनी एकेक शस्त्र उचलून आतल्या देवघरात नेऊन पेटीत ठेवलं, आणि कुलूप लागल्याचा आवाज आला. मग साखरभात.

साडेचारला सुनेनं फोनची परात आणली. सगळे आपापले फोन उचलू लागले. परात रिकामी झाली तेव्हा तळाशी एक पेन उरला.

“हा पेन कुणाचा?”

“माझा,” मी म्हटलं आणि खिशाला लावला. “आणि फोन?”

“फोन तर संपले, काका.”

इथे मला एक कबुली द्यायला हवी. चुकीच्या कपाटात गेलेलं पुस्तक कसं शोधायचं हे मी बत्तीस वर्षं नव्या कर्मचाऱ्यांना शिकवलं. पुस्तक जागेवर नसेल तर आधी त्याच्या जागी काय आलंय ते बघा, असं मी त्यांना सांगत असे. त्या दिवशी फोनच्या जागी आलेली वस्तू माझ्याच खिशाला होती आणि डोकं पगडीत होतं.

“रिंग देऊन बघा ना,” दातांचे डॉक्टर म्हणाले. सुनेनं दिली. रिंग जात होती, पण घरात कुठेच काही वाजत नव्हतं. फोनचा आवाज मी नियमाप्रमाणे बंद केला होता. वर्षानुवर्षं नियम मोडल्यावर एखादा पाळावा आणि त्यानंच घात करावा, तसं झालं.

“अहो, पण तुमच्या हातात ते घड्याळ आहे!” इंजिनिअर म्हणाले. “ते शोधेल की. दाबा.”

मी दाबलं. घड्याळानं एक गोल फिरता ठिपका दाखवला, विचार केला, आणि सांगितलं: फोन जोडलेला नाही.

इंजिनिअरांचे डोळे चमकले. निवृत्त इंजिनिअरला बिघडलेली वस्तू दिसली की त्याचं वय उतरतं. त्यांनी माझं मनगट ताब्यात घेतलं.

“बंद करके चालू केलं का?”

“नाही.”

त्यांनी बंद केलं. चालू केलं. चालू होताना घड्याळानं एक सूर्योदय दाखवला, आम्हाला सुप्रभात म्हटलं आणि पुन्हा सांगितलं, फोन जोडलेला नाही.

सून तोवर स्वतःच्या फोनवर उपाय शोधत होती. “मिल गया, काका! इथे लिहिलंय. पहिलं, फोन घड्याळाच्या जवळ आहे याची खात्री करा.”

“पुढचं वाच.”

“दुसरं, फोनमधलं ॲप उघडा.”

“पुढचं.”

“तिसरं...” ती थांबली. “तिसऱ्यातही फोन लागतोय.”

“मग रीसेट करून टाकू,” इंजिनिअर म्हणाले. “एकदम नवीन होऊन जाईल.”

“आणि मग?”

“मग फोनशी परत जोडायचं.”

“कुठल्या फोनशी?”

“हां,” ते म्हणाले. “वो तो है.”

पावणेपाच झाले होते. दादा पंधरा मिनिटांनी फोन करणार होता. रिंग वाजेल, वाजत राहील, मी उचलणार नाही. तो काय समजेल हे मला चांगलं ठाऊक होतं, कारण त्याच्या जागी मीही तेच समजलो असतो. घरी जाऊन बायकोच्या फोनवरून लावणं हा सरळ उपाय होता. पण मग मी आधी लावला असं झालं असतं. मी त्या पंधरा मिनिटांत फोन शोधत होतो असं सगळ्यांना वाटत होतं, आणि मलाही तसंच वाटत होतं.

“एक काम करा, सर,” इंजिनिअर म्हणाले. “चालून बघा. डावा हात वर ठेवा. जिथे घड्याळ जुळेल तिथे फोन.”

मग मी हात वर करून, डोक्यावर पगडी, अशा थाटात ते घर फिरलो. हॉल, स्वयंपाकघर, बाल्कनी, जिना. मागे इंजिनिअर, त्यांच्यामागे डॉक्टर, त्यांच्यामागे सून. खालच्या क्लासची मुलं जिन्यात बसून वडापाव खात होती. त्यांनी आमची ही मिरवणूक पाहिली आणि आदरानं उभी राहिली. त्यांना हाही परंपरेचा भाग वाटला असावा. तेवढ्यात घड्याळ थरथरलं. आम्ही सगळे जागीच थांबलो. पडद्यावर रंगीत फटाके फुटले. मी आजच्या पावलांचं उद्दिष्ट पूर्ण केलं होतं.

“वा!” इंजिनिअर मनापासून म्हणाले. “माझी तर चार हजारसुद्धा होत नाहीत.”

वर आलो तेव्हा सरदारसाहेब लोडाला टेकून बसले होते. “मिळेल, सर, मिळेल,” ते म्हणाले. “या घरातून आजवर सुई गेलेली नाही.” जहागीर आणि हवेली कुठून गेली हे विचारायचं अगदी ओठांवर आलं होतं. मी विचारलं नाही. माझ्यावर खरोखरच प्रसंग ओढवला होता, हे यावरून कळेल.

पाचला दोन मिनिटं कमी असताना मी हरलो. पगडी काढून सुनेच्या हाती दिली, आणि निघताना देवाला नमस्कार करायची पद्धत म्हणून आतल्या देवघरात गेलो. तिकडे हात वर करून जाण्याचं कुणाला सुचलं नव्हतं. फोन घेऊन तिकडे कुणी गेलंच नव्हतं, असं आम्ही धरून चाललो होतो. देव्हारा खाली होता, शेजारी ती पेटी. वाकताना तोल जाऊ नये म्हणून मी पेटीवर डावा हात टेकला.

घड्याळ थरथरलं. मला वाटलं, आणखी फटाके. पण पडद्यावर अक्षरं होती: दादा.

खाली एकच बटण. लाल. या घड्याळात येणारा फोन कळतो, पण उचलता येत नाही. बोलायची सोय त्याहून महागाच्या घड्याळात आहे. याला फक्त नाही म्हणता येतं. मी पेटीवर हात टेकून, वाकलेल्या अवस्थेत, चार वर्षांनी आलेलं माझ्या भावाचं नाव मनगटावर थरथरताना पाहत होतो. मला काहीही करता येत नव्हतं. मग ते थांबलं.

मी ते शोधायचं बटण दाबलं. दोनशे वर्षांच्या पेटीतून रुग्णवाहिका धावत सुटल्यासारखा आवाज आला. सगळं घर देवघराच्या दारात जमलं.

“काय वाजतंय हे?” सरदारसाहेब.

“माझा फोन. तुमच्या पेटीत.”

“पेटीत फक्त शस्त्रं आहेत.”

“साहेब, वाजतंय तर आतूनच,” इंजिनिअर म्हणाले.

गुरुजींनी घसा साफ केला. “ते काळ्या कव्हरातलं का? मला वाटलं, वकीलसाहेबांचं काही असेल. त्याचं सगळं व्यवस्थित झालंय हां. हळद, कुंकू, अक्षता, फूल.”

“मग आता पेटी उघडा,” मी म्हटलं.

सरदारसाहेब ताठ झाले. “सर, पूजलेलं शस्त्र उत्तरपूजेआधी उचलत नाहीत.”

“तो फोन आहे. शस्त्र नाही.”

“पूजा झाली ना? मग झालं.”

“बाबा, खोला ना, इमर्जन्सी आहे,” सून म्हणाली.

“सूनबाई, आमच्या आजोबांच्या वेळी नवमीला घरात नाग निघाला होता. तलवार पेटीत होती. पण त्यांनी पेटी उघडली नाही.”

“मग नागाचं काय केलं?” डॉक्टरांनी विचारलं.

“झाडूनं मारला.”

पेटी अजून ओरडत होती. आवाज बंद करावा म्हणून मी घड्याळाकडे बोट नेलं. नेमक्या त्याच वेळी पडदा बदलला. पुन्हा दादा. माझं बोट आधीच निघालेलं होतं. ते लाल बटणावर पडलं. घड्याळानं तत्परतेनं कळवलं: कॉल नाकारला.

पेटीतला आवाजही थांबला होता. मी पेटीवर बसलो. पेटीवर बसणं हा बहुधा नाग मारण्याहून मोठा अपराध असावा, पण कुणी मला उठवलं नाही.

“माझ्या भावाचा फोन होता,” मी सांगितलं. “उद्या सकाळी त्याचं हृदयाचं ऑपरेशन आहे. सहाला फोन काढून घेतात. चार वर्षं आम्ही बोललेलो नाही. आणि मी आत्ता त्याचा फोन कापला.”

सरदारसाहेब पेटी उघडतील असं मला वाटलं. त्यांनी उघडली नाही. त्यांनी स्वतःच्या अंगरख्यातून आपला फोन काढला आणि माझ्या हातात दिला. “याची पूजा झालेली नाही,” ते म्हणाले. “लावा.” मग दारातल्या मंडळींकडे वळून म्हणाले, “चला, सगळे बाहेर. सरांना भावाशी बोलायचंय.” आणि त्यांनी बाहेरून दार ओढून घेतलं. या माणसाची मी वर्षानुवर्षं टिंगल केली आहे. हे एवढं इथे लिहून ठेवणं भाग आहे.

फोन हातात आला, पण नंबर कुठे पाठ होता? घड्याळाला विचारलं तर ते नुसतं ‘दादा’ म्हणत होतं. दादा म्हणजे कोण, कुठले, याची त्याला माहिती नव्हती. मी दार उघडून सरदारसाहेबांच्या पत्नीला हाक मारली. त्यांच्याकडे भजनी मंडळाच्या यादीत माझ्या बायकोचा नंबर होता. तो त्यांनीच लावून दिला.

“बोला,” बायको म्हणाली. “फोन हरवला ना?”

“तुला कसं कळलं?”

“दादांच्या मुलीनं मला विचारलं, काकांनी बाबांचा फोन का कापला. मी म्हटलं, त्यांच्याजवळ तो नसेलच. तुम्ही वाकडे आहात, दुष्ट नाही. नंबर घ्या. सकाळीच कॅलेंडरवर लिहून ठेवलाय.”

मी नंबर माझ्या पेननं तळहातावर लिहिला. पाच वाजून वीस मिनिटं झाली होती. आधी कुणी फोन करायचा हा प्रश्न मी त्या देवघरात कुठे ठेवला ते मला आठवत नाही. दुसऱ्या रिंगला त्यानं उचलला.

“कोण?”

“मी.”

“मी म्हणजे? माझा फोन कापणारा?”

“दादा, बोट चुकून लागलं.”

“बोट चुकून लागतं, तोंड चुकून सुटतं. तुझ्या हातून मुद्दाम असं काय होतं रे?”

मी घडलं ते सांगत गेलो. दोन पराती, पगडी, पेटी, कुलूप, काहीही न वाढवता. वाढवायची गरजच नव्हती. पलीकडून घरघर ऐकू येऊ लागली. मी घाबरलो, म्हटलं याला आता धाप लागली. मग कळलं, तो हसतोय.

“उत्तरपूजा कधी आहे?” त्यानं विचारलं.

“उद्या बाराला.”

“मग बारापर्यंत हात लावू नकोस. तुझा तो सरदार बरोबर बोलतोय.”

“दादा, माझा फोन आहे तो.”

“आज नाही. आज देवाचा.” तो थांबला, मग आवाज खाली आणून म्हणाला, “ऐक. सकाळपासून सगळे माझ्याशी गोड बोलतायत रे. मुलगा, सून, डॉक्टर. जो येतो तो गोड. ज्या दवाखान्यात मुलगासुद्धा गोड बोलतो तिथे काय होणार असेल? जीव घाबरा झालाय माझा. म्हटलं, तुला फोन करावा. तू काहीतरी वाकडं बोलशील, जरा बरं वाटेल.”

आयुष्यभर न मागता बोलत आलो, आणि पहिल्यांदा कुणी मागितलं तेव्हा तोंडातून शब्द फुटेना.

“अरे बोल ना काहीतरी!”

“तू... तू त्या डॉक्टरांचा सत्कार ठेवला असशील ना आतापासूनच?”

“ठेवलाय. शाल सांगितलीय, हार सांगितलाय.”

“मग आधी शुद्धीवर ये. नाहीतर तो हार कुणाला घालायचा, याचा घोळ होईल.”

मला वाटलं, झालं, आणखी चार वर्षं. मग तो इतका मोठ्यानं हसला की पलीकडे कुणीतरी बाई त्याला रागावली. आजोबा, हसू नका, बीपी वाढेल, फोन द्या इकडे. “दे शिव्या त्याला,” असं दादा तिला हसत हसत म्हणाला, आणि फोन बंद झाला.

त्या रात्री मी घरी फोनशिवाय राहिलो. घड्याळ दर थोड्या वेळानं सांगत होतं, फोन जोडलेला नाही. दसऱ्याला सकाळी आंघोळ करून साडेदहालाच सरदारसाहेबांकडे जाऊन बसलो. ते पंचा नेसून तयारी करत होते. पेटी बंद होती. मी उघडा म्हणालो नाही. त्यांनीही उघडू का असं विचारलं नाही. त्यांच्या सुनेनं चहा आणला. तो थंड होईपर्यंत कुणीच प्यायलं नाही.

अकरा वाजता सरदारसाहेबांचा फोन वाजला. त्यांनी ऐकलं आणि माझ्याकडे दिला. माझी बायको होती.

“झालं ऑपरेशन. बरे आहेत. शुद्धीवर आलेत, घसा बसलाय. मुलगी म्हणते, डोळे उघडले आणि आधी खुणेनं किती वाजले ते विचारलं.”

“मग?”

“तिनं पावणेअकरा सांगितले. तर कागद मागून घेतला आणि लिहिलं. थांबा, तिनं पाठवलंय, वाचते.” बायकोनं एकेक शब्द सावकाश वाचला. “‘त्याला विचार, अजून उघडली नाही ना?’”

मी सरदारसाहेबांकडे पाहिलं. ते पेटीसमोर मांडी घालून उत्तरपूजेची फुलं निवडत होते.

“नाही उघडली,” मी म्हटलं. “सांग त्याला. अजून तासभर आहे.”